पद्मिनी-अँबॅसेडरची बॅटरी सारखी का बसते? चार्जिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अँबॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि जुन्या जीप सांभाळणारे लोक चार्जिंगबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची सुरुवात ‘नवीन बॅटरी टाकली, तरीसुद्धा…’ अशीच असते. म्हणून आधी एक विनंती: दुकानात जाण्यापूर्वी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. त्याची किंमत बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

१. माझ्या गाडीत डायनॅमो आहे की अल्टरनेटर, हे कसं ओळखायचं?

दोन्ही यंत्रं इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करून बॅटरी भरतात. बॉनेट उघडून फॅन बेल्टवर फिरणारं यंत्र बघा. लांबट, नळकांड्यासारखं आणि मागच्या बाजूला दोनच पिना असतील (एक मोठी, एक लहान), तर तो डायनॅमो. आखूड, जाड आणि आतली तांब्याची वाइंडिंग दिसेल अशा खिडक्या असतील, तर अल्टरनेटर. डायनॅमोच्या गाडीत बॉनेटखाली एक वेगळी काळी पेटीही असते. तिला कोणी कटआउट म्हणतं, कोणी रेग्युलेटर. खरं तर त्या पेटीत दोन्ही असतात: डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडणारा-सोडणारा कटआउट, आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर.

गाडीच्या मॉडेलवरून किंवा आरसी बुकातल्या वर्षावरून अंदाज बांधू नका. इतक्या वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. पुढची काही उत्तरं फक्त डायनॅमोला आणि काही फक्त अल्टरनेटरला लागू आहेत, तेव्हा हे आधी पक्कं करा.

२. सकाळी सेल्फ घेत नाही. दोष बॅटरीचा की चार्जिंगचा?

मीटरची तीन मापं घेतली की याचं उत्तर मिळतं. तिन्ही मापं बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर घ्यायची, वायरीच्या क्लॅम्पवर नाही.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू करण्याआधी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.०च्या जवळ असेल तर ती जवळपास रिकामी आहे. दुसरं माप सेल्फ मारताना. साडेनऊ-दहाच्या खाली कोसळलं तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ मोटार जास्त करंट खाते आहे. तिसरं माप इंजिन चालू असताना, मध्यम रेसवर आणि दिवे बंद ठेवून. इथे साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. आकडा पहिल्या मापापेक्षा वर गेलाच नाही, तर चार्जिंग होत नाही आणि नवी बॅटरीही आठवड्याभरात बसेल.

पहिलं माप कमी पण तिसरं चांगलं, असं असेल तर प्रश्न १० वाचा. तिसरं माप १५च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर प्रश्न ७.

क्लॅम्पवर का नाही? सेल्फ मारताना खांबावर ११ आणि क्लॅम्पवर ८ व्होल्ट दिसणं अगदी नेहमीचं आहे. मधले तीन व्होल्ट त्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीत खर्च होतात. क्लॅम्प काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा, घासा, घट्ट बसवा आणि वर व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका.

३. सिग्नलला उभं असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, रेस दिली की जातो. हा बिघाड आहे का?

डायनॅमोच्या गाडीत नाही. आयडलिंगला डायनॅमो बॅटरीइतकं व्होल्टेज देऊच शकत नाही. दिवा डायनॅमो आणि बॅटरी यांच्या मधोमध जोडलेला असतो आणि दोघांच्या व्होल्टेजमधला फरक दाखवतो. रेस देताच फरक मिटतो, दिवा विझतो.

मात्र दिवा ताशी ४० किलोमीटरच्या वेगातही अंधुक पेटलेला राहत असेल, तर बेल्ट आणि जोड तपासा. दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब टप्प्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण अर्धा इंच दबायला हवा. त्याहून सैल असेल तर घसरतो, फार ताणलेला असेल तर डायनॅमोचा बुश (दांड्याचा आधार) खातो. पावसाळ्यात बेल्ट चिरकत असेल तर त्याची कड चकचकीत झाली आहे का ते बघा. तसा बेल्ट कितीही ताणला तरी घसरणारच.

अल्टरनेटरच्या गाडीत आयडलिंगला दिवा मिणमिणायला नको. तिथे हा दोषच समजा.

४. मिस्त्री म्हणतो डायनॅमो गेला. खरंच गेला का, हे घरी कसं तपासायचं?

ही चाचणी लुकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनॅमोची आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या लुकस-टीव्हीएसमुळे भारतात हीच पद्धत सगळ्यात जास्त दिसते. अमेरिकन गाडी असेल तर थांबा आणि आधी प्रश्न १५ वाचा.

डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा: मोठ्या पिनेची डी आणि लहान पिनेची एफ. वायरींची टोकं बॉडीला लागणार नाहीत अशी बाजूला बांधा. आता उघड्या तांब्याच्या तुकड्याने डायनॅमोच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडा. मीटरचं एक टोक या जोडावर, दुसरं डायनॅमोच्याच लोखंडी अंगावर. इंजिन चालू करून अगदी सावकाश रेस वाढवा. व्होल्टेज उड्या न मारता सरळ चढत जायला हवं. २०च्या पुढे जाऊ देऊ नका. या चाचणीत फील्डवर (चुंबकत्व तयार करणाऱ्या वाइंडिंगवर) कोणाचा ताबा नसतो, त्यामुळे रेस देत बसलं तर चांगला डायनॅमोही जळेल.

मीटर काहीच दाखवत नसेल तर पहिला संशय कार्बन ब्रशवर. ते झिजलेले असतात, नाहीतर खाचेत अडकलेले असतात. बोटाने हलवून सुटतात का बघा. अर्धा ते एक व्होल्टवर अडकलं, तर आर्मेचर (आत फिरणारा भाग) फक्त लोखंडातल्या शिल्लक चुंबकत्वावर फिरतंय, फील्डची वाइंडिंग तुटली असावी. चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचरच्या वाइंडिंगवर संशय घ्या. चढताना आकडा नाचत असेल तर कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) खराब आहे.

कॉम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक काचकागदाने पुसा. एमरी कागद वापरू नका, त्याची पूड वीज वाहते आणि पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करते. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल तर ब्रश त्यावर उड्या मारतात. अशा वेळी जुने कारागीर हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने अभ्रक साधारण पाऊण मिलिमीटर खोल कोरून काढतात. काम किचकट आहे, पण शांत बसून घरी करण्यासारखं आहे.

आणि हो, डायनॅमोच्या मागच्या बुशात तेलासाठी भोक असतं. तिथे अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त ओतलं तर ते कॉम्युटेटरवर पसरतं.

५. डायनॅमो चाचणीत पास झाला, तरी चार्जिंग शून्य. आता?

डायनॅमो पास झाला म्हणजे महागडी वस्तू शाबूत आहे. डायनॅमोच्या वायरी पुन्हा जागेवर लावा आणि हीच चाचणी पेटीच्या टोकाला करा. पेटीवरून डी आणि एफच्या वायरी सोडवा, त्या दोन वायरी एकमेकींना जोडा, मीटर जोड आणि बॉडी यांच्यात. पूर्वीइतकाच आकडा आला तर वायरी ठीक. आला नाही तर वायर मध्येच तुटली आहे, बहुतेक वेळा डायनॅमोजवळ, जिथे ती इंजिनाबरोबर थरथरते. बाहेरून आवरण शाबूत आणि आत तांबं तुटलेलं, असं हमखास सापडतं.

मग पेटीच्या ए टर्मिनलवर बॅटरीचं व्होल्टेज येतं का बघा. शेवटी ई, म्हणजे पेटीचं अर्थिंग (बॉडीशी जोडणी). गाडी रंगवताना पेटी काढून पुन्हा लावलेली असेल तर स्क्रूखाली रंगाचा थर असतो आणि अर्थच मिळत नाही. रिस्टोर केलेल्या सुंदर गाड्यांत हा दोष फार आढळतो.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी विसरू नका. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या अर्थ खांबावर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी बदला. पट्टी पार तुटली असेल तर करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

६. कटआउट पेटी उघडून पॉइंट घासले तर चालतील?

घासा, पण बॅटरीची वायर काढून. रेग्युलेटरच्या पॉइंटला बारीक कार्बोरंडम दगड आणि कटआउटच्या पॉइंटला फक्त बारीक काचकागद. दोन्हीनंतर स्पिरिटने पुसा.

स्क्रू फिरवणं ही वेगळी गोष्ट. कटआउटने साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला जोडायला हवं आणि ८.५ ते ११च्या दरम्यान सोडायला हवं. रेग्युलेटर तपासताना ए आणि ए-१ च्या वायरी पेटीवरून काढून एकमेकींना जोडतात आणि मीटर डी व ई यांच्यात लावतात. रेस वाढवली की आकडा सोळाच्या आसपास येऊन थांबायला हवा. हे पाहून लोक घाबरतात, कारण त्यांच्या डोक्यात १४.४ बसलेलं असतं. ही लुकसची जुनी दोन बॉबिनची (कॉइलची) पेटी रिकाम्या अवस्थेत सोळा देते आणि बॅटरी जोडली की आपोआप खाली उतरते. १४.४ ला ‘सेट’ करून दिलेल्या पेटीने बॅटरी कधीच भरणार नाही. अशा कितीतरी पेट्या ‘खराब’ म्हणून भंगारात गेल्या असतील.

सेटिंग अर्ध्या मिनिटात संपवा. कॉइल तापली की आकडा फिरतो आणि तुम्ही चुकीच्या आकड्याचा पाठलाग करत राहता.

७. बॅटरीतलं पाणी सारखं आटतं आणि हेडलाइटचे बल्ब उडतात. का?

जास्त चार्जिंग. एकाच कप्प्यातलं पाणी आटत असेल तर तो कप्पा मेला आहे, बॅटरी बदला. सगळ्या कप्प्यांतलं आटत असेल तर रेग्युलेटर.

डायनॅमोच्या गाडीत आधी पेटीचं अर्थिंग बघा. अर्थ कमजोर झाली की रेग्युलेटरच्या कॉइलला खऱ्यापेक्षा कमी व्होल्टेज जाणवतं आणि तो डायनॅमोला आणखी द्यायला लावतो. म्हणजे एकच सैल स्क्रू एका गाडीत कमी आणि दुसऱ्या गाडीत जास्त चार्जिंगचं कारण ठरू शकतो. मग चिकटलेले पॉइंट बघा. अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर बहुधा आतच असतो, तो बदलून घ्यावा लागतो.

तोपर्यंत लांबच्या प्रवासाला जावंच लागलं तर दिवसाही हेडलाइट लावून चालवा, म्हणजे जादा करंट तिथे खर्च होईल. हा जुगाड आहे, इलाज नाही.

८. दिवसा सगळं ठीक, पण पावसाळी रात्री घाटात दिवे पिवळे पडतात. डायनॅमो कमजोर झाला का?

बहुधा डायनॅमो तेवढाच आहे, तुमचे दिवे वाढले आहेत. हिशोब करून बघा. लुकसचा प्रचलित सी-४० डायनॅमो चांगल्या वेगात २२ अँपिअर देतो. ६०/५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे साधारण ९ ते १० अँपिअर, इग्निशन कॉइल ३ ते ४, वायपर २ ते ४, मागचे आणि मीटरचे दिवे २. बेरीज १६ ते २०. बॅटरीला भरायला उरतात दोन ते सहा. त्यात कोणी १००/९० वॅटचे बल्ब लावले असतील तर तिथेच १५ ते १७ जातात आणि बॅटरी घाट चढतानाच उतरायला लागते. शिवाय घाटात वेग कमी, म्हणजे डायनॅमो पूर्ण २२ देतही नाही.

आधी जास्त वॅटचे बल्ब काढा. मग हेडलाइटसाठी रिले (जास्त करंट पेलणारा वेगळा स्विच) बसवा आणि जाड वायर टाका, कारण जुन्या स्विचमधून जाताना एक-दीड व्होल्ट वाटेतच मरतो. त्यानंतरही कमी पडत असेल तर प्रश्न १६.

९. किल्ली काढली तरी लाल दिवा अंधुक पेटलेला आहे. सकाळी बघू का?

नाही. आत्ता बॅटरीची वायर काढा, मग पुढचं वाचा.

डायनॅमोच्या गाडीत याचा अर्थ कटआउटचे पॉइंट चिकटले आहेत. बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत शिरतो, डायनॅमो मोटारीसारखा फिरू पाहतो, बेल्ट त्याला अडवतो आणि सगळा करंट उष्णता होतो. आर्मेचर किंवा वायरिंग जळू शकतं. अल्टरनेटरच्या गाडीत शॉर्ट झालेल्या डायोडने (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाने) असंच होतं.

रात्री पार्किंगमध्ये पाना नसेल तर डायनॅमोवरची मोठी वायर ओढून काढा आणि तिचं टोक कापडात गुंडाळून ठेवा. ती कशालाही लागू देऊ नका, कारण तिच्यात त्या वेळी बॅटरीचा करंट असतो. कंट्रोल पेटीवर हातोडीने ठोकून पॉइंट सोडवणारे आहेत. सुटतातही, पण परत चिकटतात.

१०. चार्जिंग उत्तम, तरी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते.

काहीतरी गुपचूप करंट खातंय. किल्ली बंद, दारं बंद. बॅटरीची अर्थ वायर काढा आणि मीटर १० अँपिअर रेंजवर वायर व खांब यांच्यात जोडा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मूळ अवस्थेतल्या पद्मिनीत आकडा जवळपास शून्य हवा. म्युझिक सिस्टिम किंवा सेंट्रल लॉक लावलं असेल तर ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला की चोर त्या लाइनवर. जुन्या वायरिंगमध्ये काही लाइन फ्यूजशिवायच असतात, त्यामुळे सगळे फ्यूज काढूनही करंट जात असेल तर डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची वायर काढून बघा. डिकीचा दिवा, हॉर्नचा रिले आणि नंतर बसवलेला चोर-अलार्म हे नेहमीचे संशयित.

११. गॅरेजवाले इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघतात’. बरोबर आहे का?

अल्टरनेटरवर अजिबात करू देऊ नका. बॅटरी व्होल्टेजचे धक्के शोषून घेते. ती निघाली की क्षणात व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टिम यांपैकी काहीही उडतं. डायनॅमोवर डायोड नाहीत म्हणून जुन्या मिस्त्रींना ही सवय लागली. पण बल्ब तिथेही उडतात, आणि इंजिन चालू राहिलं म्हणजे चार्जिंग पुरेसं आहे, असंही सिद्ध होत नाही. वेल्डिंग करताना मात्र इंजिन बंद ठेवून दोन्ही वायरी जरूर काढा.

१२. बॅटरी पार मेली असताना धक्का मारून गाडी सुरू होईल?

डायनॅमोची कदाचित. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यावर तो स्वतःच उभा राहतो. पण कटआउट जोडायला तेरा व्होल्ट लागतात आणि चार माणसांच्या धक्क्यात तेवढे फेरे होत नाहीत. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला तर शक्यता चांगली. अल्टरनेटरला सुरुवातीलाच बॅटरीचा करंट लागतो, त्यामुळे बॅटरी खरोखर शून्य असेल तर घाम गाळू नका, जंपर केबल मागवा.

१३. डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी केले आणि चार्जिंग बंद झालं. संबंध आहे?

अल्टरनेटर असेल तर थेट संबंध आहे. चार्जिंगच्या लाल दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला जागं करतो. लुकसच्या गाड्यांत तिथे २.२ वॅटचा बल्ब असतो. एलईडीतून जाणारा करंट त्यासाठी फार तोकडा. तेवढा एक बल्ब जुनाच ठेवा. बल्ब उडाला तरी हेच होतं, म्हणून किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो ना, हे रोज बघायची सवय ठेवा. डायनॅमोला या बल्बने फरक पडत नाही.

१४. माझ्या जुन्या ब्रिटिश गाडीत बॅटरीचा प्लस खांब बॉडीला जोडलेला आहे. कोणी उलटं लावलं का?

बहुधा नाही. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्या प्लस अर्थच्याच होत्या. नव्या बॅटरीवाल्याने सवयीने मायनस बॉडीला जोडला की घोळ होतो: डायनॅमोचं चुंबकत्व एका दिशेचं, बॅटरी दुसऱ्या दिशेची. कटआउटचे पॉइंट जळतात.

डायनॅमोला दिशा दाखवावी लागते. बॅटरी बरोबर जोडा, डायनॅमोवरून दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबावरून आणलेली वायर एफ पिनेला क्षणभर दोन-तीनदा टेकवा. ठिणगी उडेल, ते अपेक्षित आहे. दुरुस्त होऊन आलेल्या डायनॅमोलाही हेच करून मग चालू करा. प्लस अर्थच्या गाडीत म्युझिक सिस्टिम किंवा मोबाइल चार्जर जोडण्याआधी थांबा, त्यांचं बाहेरचं कवच बहुधा मायनस असतं.

१५. अमेरिकन गाडीला प्रश्न ४ची चाचणी का चालत नाही?

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि पुढे प्रीमियरने डॉज-प्लिमथ जोडल्या, त्यामुळे अशा गाड्या महाराष्ट्रात अजून आहेत. लुकसमध्ये फील्डचं एक टोक डायनॅमोच्या आतच अर्थ केलेलं असतं आणि एफला वीज द्यावी लागते. शेवर्लेसारख्या गाड्यांतल्या डेल्को-रेमी डायनॅमोत फील्ड आतून आर्मेचरला जोडलेलं असतं आणि रेग्युलेटर त्याला बाहेरून अर्थ देतो. तिथे पूर्ण ताकद बघायची तर एफ बॉडीला टेकवावी लागते. लुकसची सवय तिथे लावली तर निष्कर्ष चुकतो. वायरिंगचा नकाशा हाती आल्याशिवाय त्या गाडीला हात लावू नका.

१६. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवू का?

रोज रात्री चालवत असाल तर जरूर. रविवारी सकाळी फिरायला आणि रॅलीला काढत असाल तर चांगला डायनॅमो पुरतो, आणि गाडी मूळ रूपात राहते. माझं मत डायनॅमो ठेवण्याकडे झुकतं.

बसवायचाच असेल तर चार गोष्टी बघा. पुली मूळ बेल्टच्या रेषेत हवी. मूळ वायर २२ अँपिअरची आहे, ३५-४० अँपिअरच्या अल्टरनेटरला बॅटरीपर्यंत नवी जाड वायर लागेल. ॲमीटर (डॅशबोर्डवरचा करंट दाखवणारा मीटर) ३० अँपिअरचा असेल तर तो जळू शकतो. आणि गाडी प्लस अर्थची असेल तर आधी ती मायनस अर्थ करावी लागेल. जुनी पेटी शोभेला ठेवा, पण तिच्या आतून करंट जाऊ देऊ नका.

१७. ॲमीटर भरपूर चार्ज दाखवतो, तरी बॅटरी बसते.

फॉग लॅम्प किंवा हॉर्न थेट बॅटरीच्या खांबावरून जोडलेत का? मग त्यांना जाणारा करंटही ॲमीटर ‘चार्ज’ म्हणूनच मोजतो. जोडणी ॲमीटरच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे गाडीच्या बाकीच्या दिव्यांकडे हलवा.

१८. रेडिओत रेसबरोबर वाढणारी शिट्टी येते. कंडेन्सर कुठे लावू?

डायनॅमो असेल तर डी पिनेवर. एफवर कधीही नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जळतील. अल्टरनेटरमध्ये शिट्टी नव्याने सुरू झाली असेल तर कंडेन्सर शोधण्याआधी मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेला आहे.

१९. डायनॅमोचे भाग आता मिळतात का?

ब्रश, बुश, बेल्ट अजून मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात आणि पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, त्यामुळे रोजची मागणी संपली आहे. आर्मेचर नवं शोधण्यापेक्षा जुनं वाइंडिंगवाल्याकडे रिवाइंड करून घेणं बरं. नव्या पेट्यांपैकी काहींवर नाव जुनं आणि आत हलका माल असतो. तुमची जुनी पेटी कितीही गंजलेली दिसली तरी दुकानदाराला बदल्यात देऊ नका.